गोल्डफिशचं पाणी पांढरं झालं तर

फिशटँकचं पाणी पांढरं झालं की घरोघरी एकच धावपळ उडते. मासे बादलीत जातात, खडे परातीत आणि फिल्टरचा स्पंज थेट नळाखाली. काच घासून लख्ख होते, नवं पाणी भरलं जातं, सगळे समाधानाने हात पुसतात. दोन-तीन दिवस बरे जातात आणि पाणी पुन्हा दुधाळ होतं. या वेळी एखादा मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो. मग मला फोन येतो, "ताई, परवाच तर सगळं धुतलं होतं!"

धुतलं म्हणूनच झालं, हे फोनवर पटवून देणं कठीण जातं. डोंबिवलीत माझं शोभेच्या माशांचं दुकान आहे. दुकानाइतकाच वेळ मी लोकांच्या घरी जाऊन त्यांचे टँक बघण्यात घालवते. दुकानातून सगळ्यात जास्त जाणारा मासा गोल्डफिश, आणि सगळ्यात जास्त तक्रारी येतात त्या गढूळ पाण्याच्या. मासा देताना उभ्या उभ्या पाच मिनिटांत जे सांगून होत नाही, ते इथे नीट सांगते.

गढूळ पाणी दिसलं की आधी काहीही करू नका. काचेचा एक स्वच्छ ग्लास घ्या, टँकचं पाणी त्यात भरा आणि मागे पांढरा कागद धरून खिडकीपाशी बघा. टँकच्या दिव्यात आणि मागच्या निळ्या चित्रामुळे खरा रंग कळत नाही, ग्लासात कळतो. हिरवी झाक असेल तर ते शेवाळ आहे. फिक्या चहाचा रंग असेल आणि टँकमध्ये लाकडाचा ओंडका असेल, तर तो लाकडातून उतरलेल्या टॅनिनचा रंग आहे आणि त्याने माशाला काही होत नाही. पिवळसर असेल तर पाणी बरेच दिवस बदललेलं नाही. ग्लास तासभर ठेवल्यावर तळाशी बारीक गाळ बसला तर ती खड्यांची किंवा वाळूची धूळ. खडे नीट न धुता घातलेले असतात, एवढंच. आणि तासभराने, दोन तासांनीही काहीच खाली बसलं नाही, पाणी धुरकट ते धुरकटच राहिलं, तर ते जिवाणू आहेत. लोकांचे फोन येतात ते बहुतेक या शेवटच्या प्रकाराचे.

मानपाडा रस्त्यावरच्या एका घरातला टँक सांगते, म्हणजे सगळं एका जागी दिसेल. दोन फुटी टँक, त्यात चार ओरांडा, डोक्यावर गुबगुबीत टोपी असलेले. पाणी इतकं पांढरं की मागच्या काचेला चिकटवलेलं चित्र दिसत नव्हतं. घरातल्या काकूंनी आदल्या रविवारी सगळा टँक धुतला होता. मी आधी वास घेतला, थोडा कुबट. मग फिल्टर बाहेर काढला. आत मुठीत मावेल एवढा एकच स्पंज, नव्यासारखा स्वच्छ. "गरम पाण्याने धुतलाय," काकू अभिमानाने म्हणाल्या. मग मी खाण्याचं विचारलं. सकाळी आजोबा दाणे टाकत, दुपारी शाळेतून आल्यावर नातू, रात्री काकू स्वतः. शिवाय कधी पोळीचा तुकडा, कधी चार कुरमुरे. तिघांनाही वाटे, आपणच काय ते घालतो.

टेस्ट किटच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकले. अमोनिया नसेल तर हे पाणी पिवळं राहतं आणि असेल तर हिरवं होत जातं. पाच मिनिटांत ते चांगलं पोपटी झालं. काकू नळी हातात घेऊन बराच वेळ बघत होत्या. पांढरं पाणी सगळ्यांना दिसत होतं, पण माशांना त्रास होत होता तो या पोपटी रंगाचा, आणि तो नळीत घेतल्याशिवाय कुणाला दिसला नसता.

हे असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. मासा खातो आणि त्याच्या शरीरात तयार होणारा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात जातो. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजतं, त्यातूनही अमोनियाच निघतो. नदीत किंवा तळ्यात तो अफाट पाण्यात विरतो, काचेच्या पेटीत साठत राहतो. त्याला मार्गी लावणारे जिवाणू दोन टप्प्यांत काम करतात. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया विषारी आहेच, पण नायट्राइटही काही साधं नाही. ते माशाच्या रक्तात शिरून रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घालवतं, रक्त तपकिरी पडतं. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य. ते थोडंथोडं पाणी बदलून काढता येतं.

या जिवाणूंबद्दल जुन्या पुस्तकांत दोन नावं असत, नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर. पुढे १९९८ मध्ये टिमोथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टँकमधले जिवाणू तपासले. तेव्हा दिसलं, की दुसऱ्या टप्प्याचं काम तिथे नायट्रोबॅक्टर नव्हे, तर नायट्रोस्पिरा या गटातले जिवाणू करतात. टँक ठेवणाऱ्याला ही नावं पाठ असायची गरज नाही. त्याने एवढंच लक्षात ठेवावं, की हे जिवाणू पाण्यात तरंगत फिरत नाहीत. ते पृष्ठभागाला चिकटून राहतात: स्पंजच्या छिद्रांत, खड्यांवर, काचेवर, आणि सगळ्यात जास्त जिथून प्राणवायू असलेलं पाणी सतत वाहतं तिथे, म्हणजे फिल्टरमध्ये. आणि ते वाढतात फार सावकाश. दुप्पट व्हायला त्यांना पंधरा-वीस तास, कधी दिवसभरही लागतो.

पाणी पांढरं करणारे जिवाणू वेगळे. ते कुजणाऱ्या खाण्यावर जगतात आणि तासाभराच्या आत दुप्पट होऊ शकतात. काकूंनी टँक धुतला तेव्हा खड्यांवरची, काचेवरची आणि स्पंजमधली सावकाश वाढणारी वस्ती निघून गेली. खाणं मात्र तिन्ही वेळा पडतच राहिलं. मोकळ्या झालेल्या जागेत हे भरभर वाढणारे जिवाणू लाखो-कोटींनी वाढले आणि पाण्यात तरंगू लागले. तोच तो पांढरा ढग. नव्या टँकमध्येही हेच होतं, कारण तिथे कामाचे जिवाणू अजून आलेलेच नसतात. हा ढग स्वतः माशाला विषारी नाही, पण एवढे जिवाणू पाण्यातला प्राणवायू खातात. म्हणून मासे वर येऊन तोंड उघडतात.

मग उपाय काय? बहुतेक वेळा खाणं थांबवणं आणि हवा वाढवणं. त्या घरी मी दोन दिवस खाणं पूर्ण बंद करायला लावलं. आजोबांना ते फार जड गेलं, उपाशी मासे त्यांना बघवेनात. पण निरोगी गोल्डफिश आठवडाभर न खाता सहज राहतो. एअर पंपाला हवेचा दगड जोडून पाण्यात सोडला. अमोनिया जास्त होता म्हणून रोज पाव टँक पाणी बदललं. त्यात खड्यांमध्ये अडकलेलं खाणं नळीने ओढून काढलं. आणि माझ्या दुकानातल्या जुन्या, चालत्या फिल्टरमधला एक तपकिरी स्पंज ओल्या पिशवीतून नेऊन त्यांच्या फिल्टरजवळ ठेवला. हे शेवटचं काम सगळ्यात मोलाचं. शून्यापासून जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात. जुन्या, निरोगी टँकमधला स्पंज मिळाला तर तो काळ पुष्कळ कमी होतो. मात्र ज्या टँकमध्ये मासे आजारी आहेत, तिथला स्पंज कधी घेऊ नये. आठवडाभरात मागचं चित्र दिसू लागलं. आणखी काही दिवसांनी किटची नळीही पिवळी राहिली.

पाणी स्वच्छ दिसलं म्हणजे ते सुरक्षित आहे असं नाही, हे मी प्रत्येक घरी सांगते. अगदी नितळ पाण्यात मासे मेलेले मी पाहिले आहेत. अमोनियाला रंग नसतो. त्याचं विषारीपण पाण्याच्या पी-एचवर आणि तापमानावर ठरतं. २५ अंश तापमानाला पी-एच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो. पी-एच ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ दसपट. देशावर बोअरवेलचं पाणी बहुधा जड असतं, पी-एच चढा असतो. त्यामुळे तेवढाच अमोनिया बोअरच्या पाण्यात जास्त मारक ठरतो. टेस्ट किट ही चैनीची वस्तू आहे असं समजू नका. चौथा मासा घेण्याआधी किट घ्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसली पाहिजेत, आणि नायट्रेट ४०च्या खाली.

आता तुरटीचं. आपल्याकडे पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि पिण्याच्या पाण्यासाठी ती रास्तच आहे; पालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रातही तुरटीचा वापर होतो. पण टँकमध्ये तुरटी फिरवू नका. तुरटी पाण्यातला क्षार-साठा खाते आणि पी-एच खाली ओढते. कोकणातलं किंवा मुंबईला धरणांतून येणारं मऊ पाणी असेल तर तो साठा मुळातच थोडा असतो. पी-एच एकदम कोसळतो आणि मासा तडफडतो. बाजारात पाणी स्वच्छ करणारी औषधं बाटलीत मिळतात. त्यांचं काम साधारण त्याच तत्त्वावर चालतं, बारीक कण एकत्र आणून फिल्टरमध्ये अडकतील एवढे मोठे करायचे. धुळीच्या गढूळपणाला ती चालतात. जिवाणूंच्या ढगाला ती तात्पुरती. खाणं कमी केलं नाही तर ढग पुन्हा येतोच. माझ्या दुकानात ती बाटली आहे, पण आधी ग्लासाची परीक्षा केल्याशिवाय मी ती कुणाला देत नाही. निळ्या औषधाचंही तेच. मिथिलीन ब्ल्यू बुरशीवर उपयोगी आहे, ते वेगळ्या बादलीत मासा ठेवून वापरायचं. टँकमध्ये ओतलं तर फिल्टरमधल्या चांगल्या जिवाणूंनाही त्रास होतो, आणि काचेच्या सांध्यातलं सिलिकॉन कायमचं निळं पडतं.

हिरव्या पाण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ते मुख्यतः उन्हामुळे होतं. टँक खिडकीपाशी असेल तर हलवा, दिवा दिवसातून सात-आठ तासांपेक्षा जास्त नको, पाणी नियमित बदला. दोन-तीन दिवस टँक चादरीने झाकून अंधारात ठेवला तर बरंच शेवाळ मरतं. त्या काळात हवा मात्र सुरू ठेवा आणि नंतर पाणी बदला. फारच चिवट असेल तर यूव्ही दिव्याचा फिल्टर हमखास काम करतो. गोल्डफिशला हिरव्या पाण्याचा त्रास होत नाही, उलट जपानमधले रांचू जातीचे गोल्डफिश पाळणारे लोक ते मुद्दाम तयार करतात. फक्त दिवाणखान्यात मासा दिसायला हवा, म्हणून आपल्याला ते नको असतं.

फिल्टर निवडायला येणारा माणूस विचारतो, "दोन फुटीला कोणता बसेल?" मी उलट विचारते, मासे कोणते आणि किती? गोल्डफिश हा रोहू-कटल्याच्या कुळातला, कार्प जातीचा मासा. चीनमध्ये हजार वर्षांहून जास्त काळ माणसाने तो पाळला, तलावांत वाढवला, वरून बघायला सुंदर दिसावा म्हणून निवडत निवडत त्याचे इतके प्रकार केले. पण पोट आतून कार्पचंच राहिलं. खरं तर याला जठर नसतंच. घशातल्या दातांनी खाणं भरडायचं आणि ते सरळ लांब आतड्यात. त्यामुळे तो दिवसभर काहीतरी शोधत, तळ उकरत, खात असतो आणि तितकीच घाण करतो. दोन इंचांचे दहा टेट्रा जितकं पाणी खराब करतात, त्याहून एक मोठा ओरांडा सहज जास्त करतो. म्हणून गोल्डफिशचा फिल्टर टँकच्या लांबीवरून निवडायचा नसतो, माशाच्या अंगावरून निवडायचा असतो. आणि तोही आजच्या नव्हे, दोन वर्षांनंतरच्या.

कारण तो वाढतो. गुबगुबीत जाती सहा-आठ इंच होतात, लांबट साधा गोल्डफिश फूटभरही होतो. नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या एका घरातला टिश नावाचा गोल्डफिश १९५६ च्या जत्रेत जिंकलेला होता आणि १९९९ मध्ये, ४३ वर्षांचा होऊन मेला. आपल्याकडे तो गोल बरणीत महिना काढतो आणि लोक म्हणतात, गोल्डफिश नाजूक असतो. नाजूक नाही. गोल बरणीत पाणी थोडं, हवेला उघडी जागा थोडी आणि फिल्टरला जागाच नाही. बरणी मी विकत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

हिशोब सोपा आहे. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणा आणि हजाराने भागा, लिटर मिळतात. साठ बाय तीस बाय तीसचा टँक म्हणजे ५४ लिटर. वर थोडी जागा सोडली, खडे घातले की पाणी राहतं ४५ लिटरच्या आसपास. चार ओरांडांना हे फार कमी आहे. एकालाही मोठेपणी अपुरं पडतं. नव्वद बाय पंचेचाळीस बाय पंचेचाळीसचा तीन फुटी टँक भरला की साधारण दीडशे लिटर पाणी मिळतं. त्यात दोन, फार तर तीन गुबगुबीत गोल्डफिश आनंदाने राहतात. मानपाड्याच्या काकूंना मी हेच सांगितलं. त्यांनी लगेच नाही, पण पुढच्या दिवाळीत तीन फुटी टँक घेतला.

फिल्टरच्या खोक्यावर तासाला किती लिटर पाणी ओढतो ते छापलेलं असतं. इतर माशांना टँकच्या पाण्याच्या चार-पाच पट पुरतो. गोल्डफिशला मी आठ ते दहा पट धरते. दीडशे लिटरला बाराशे ते पंधराशे. त्यातही खोक्यावरचा आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो. आत स्पंज भरला, पाणी वर चढवावं लागलं, महिनाभराचा गाळ साचला की प्रवाह बराच कमी होतो. आणि नुसत्या प्रवाहावर भुलू नका. मोटर मोठी आणि स्पंज काडेपेटीएवढा, असे आत बुडवायचे पॉवर फिल्टर बाजारात पुष्कळ आहेत. ते पाणी जोरात फिरवतात, कचरा थोडा अडवतात, पण जिवाणूंना राहायला जागा देत नाहीत. शिवाय गुबगुबीत मासे मंद पोहणारे. एवढ्या धारेपुढे ते दिवसभर कोपऱ्यात ढकलले जातात. धार काचेवर वळवा किंवा भोकांची आडवी नळी लावून ती पसरवा.

खड्यांखाली बसणारा यूजी फिल्टर एके काळी सगळीकडे होता. गोल्डफिशसाठी मला तो पटत नाही. मासा खडे उकरतो, जाळी उघडी पडते आणि सगळा गाळ खड्यांखाली साठत राहतो; तो काढायचा तर टँक उपसावा लागतो. काचेला अडकवायचा हँगऑन फिल्टर छोट्या टँकला चांगला, धुवायलाही सोपा. बाहेर ठेवायचा कॅनिस्टर उत्तम असतो, जागा भरपूर, आवाज कमी. पण तो बंद डबा असल्याने लोक सहा-सहा महिने उघडतच नाहीत. डोळ्यांआड गेलेला गाळ टँकमधून गेलेला नसतो, त्याच पाण्यात कुजत असतो.

माझं मत विचाराल तर तीन फुटी गोल्डफिश टँकला वरून बसणारा टॉप फिल्टर, आणि जोडीला कोपऱ्यात एअर पंपावर चालणारा एक मोठा स्पंज फिल्टर. टॉप फिल्टरची पेटी उघडी असते, गाळ रोज दिसतो, हात घालून काढता येतो; पाणी वरून पडताना हवाही मिसळते. त्यात पाणी येतं तिथे आधी जाड स्पंज, मग पांढरी फिल्टर वूल आणि शेवटी सिरॅमिकच्या नळ्या. सिरॅमिकचा एक एक तुकडा म्हणजे जिवाणूंची चाळ, आतबाहेर खोल्याच खोल्या. महाग वाटत असतील तर भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या जाळीदार घासण्या, कोऱ्या आणि साबण न लागलेल्या, जाळीच्या पिशवीत भरून घाला. त्याही छान काम करतात. कोळसा म्हणजे अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन पिवळेपणा आणि वास काढतो, पण तो अमोनिया काढत नाही आणि तीन-चार आठवड्यांत निकामी होतो. झिओलाइटचे खडे अमोनिया शोषतात, पण टँकमध्ये मीठ घातलंत तर शोषलेला अमोनिया परत सोडतात. गोल्डफिशला मीठ घालायची आपल्याकडे पद्धत आहे, म्हणून हे ठळक सांगते.

आणि आता धुणं. पाणी बदलताना टँकमधलंच एक बादली पाणी काढून घ्या. मोटर बंद करा, प्लग काढा, मगच हात घाला. स्पंज त्या बादलीत बुडवून दोन-चार वेळा दाबा. दाट तपकिरी पाणी सुटेल. ते सुटू द्या, पण स्पंज पिवळाधमक होईपर्यंत पिळू नका. तपकिरी रंग राहिला तरी चालतो, पाणी आरपार जायला लागलं की थांबा. पांढरी वूल मात्र नळाखाली धुवा किंवा फेकून नवी घाला, तिचं काम फक्त गाळ अडवायचं आहे. सिरॅमिकला नळाचं पाणी लावू नका. आणि दोन्ही फिल्टर एका दिवशी धुवू नका. एक या आठवड्यात, दुसरा पंधरा दिवसांनी. माझ्याकडच्या ग्राहकांपैकी ज्यांनी एवढं एकच बदललं, त्यांचे पांढऱ्या पाण्याचे फोन जवळजवळ थांबले.

पाणी आठवड्याला पाव ते एक तृतीयांश बदलायचं. नळाच्या पाण्यातला क्लोरीन माशाचे कल्ले जाळतो आणि फिल्टरमधले जिवाणूही मारतो. आदल्या रात्री बादल्या भरून त्यात हवेचा दगड सोडून ठेवा, क्लोरीन उडून जातो. वेळ नसेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे घाला. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येऊ लागला की थेंब वगळू नका. नव्या पाण्याचं तापमान टँकच्या जवळपास असू द्या; गच्चीवरच्या टाकीचं एप्रिलमधलं दुपारचं पाणी सरळ ओतू नका. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा आहे. २० अंशांना पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. म्हणूनच उन्हाळ्यात स्पंज फिल्टरची ती हवा दुप्पट कामाची ठरते.

एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, किंवा नळीत पाणी परत न येऊ देणारा छोटा व्हॉल्व्ह बसवा. नाहीतर वीज गेली की नळीतून टँकचं पाणी उलट पंपात आणि मग जमिनीवर येतं. मोटरची वायर बोर्डाकडे जाताना एकदा खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेला थेंब प्लगपर्यंत पोहोचत नाही.

भारनियमन आहे अशा गावांत तर स्पंज फिल्टर ठेवाच, कारण त्याचा पंप बॅटरीवर चालू शकतो. वीज गेल्या गेल्या आपोआप सुरू होणारे छोटे पंप मिळतात. वीज नसेल त्या वेळात खाणं घालू नका. कॅनिस्टर चार-पाच तासांपेक्षा जास्त बंद राहिला असेल, तर वीज आल्यावर तो लगेच चालू करू नका. आतलं पाणी प्राणवायूविना सडलेलं असतं, कधी कुजक्या अंड्याचा वास येतो. झाकण उघडून ते पाणी मोरीत ओता, आतलं सामान टँकच्या पाण्यात विसळून घ्या आणि मग मोटर लावा. दुसऱ्या दिवशी किटने अमोनिया बघा. नळी पिवळी राहिली तर माशांना थोडं खाणं द्या.